१ एप्रिल १९७८ या तारखेस अनावृत पत्र

गोडादरा, सुरत

प्रिय १ एप्रिल १९७८,



तारखेला पत्र लिहिणारा माणूस डोक्यावर पडलाय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. माणसांना लिहून झालंय. अर्ज, निवेदनं, स्मरणपत्रं, सगळी आवकचा शिक्का घेऊन कुठल्या ना कुठल्या कपाटात निजली आहेत. कुठल्याही साहेबासमोर उभा राहिलो तरी तो शेवटी तुझ्याकडेच बोट दाखवतो. 'आमच्या हातात काही नाही, तारीखच तशी आहे.' म्हटलं, जिच्या हातात आहे तिलाच लिहावं.

गोडादऱ्यात महाराणा प्रताप चौकाकडून आत वळलं की झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, रेल्वे तिकीट, पासपोर्ट फोटो अशा पाट्यांची रांग लागते. त्यातलं एक दुकान माझं. आजूबाजूला शिंदखेडा, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार, अमळनेर, पारोळा, चोपडा. गावं सगळी खानदेशची आणि घरं सुरतेत. श्रावणात कानबाईची मिरवणूक निघाली की आपण गुजरातेत आहोत हे गाड्यांच्या नंबरप्लेटीवरूनच काय ते कळतं. मे-जून हा माझा हंगाम. दहावी-बारावीचे निकाल लागतात आणि आईबाप प्लास्टिकच्या पिशवीत घरातले सगळे कागद घेऊन येतात: एलसी, वेराबिल, लाइटबिल, रेशनकार्ड, आधार. मग मी तुझं नाव काढतो. दुकानात तुला पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही, नुसतं 'अठ्ठ्याहत्तर'. 'अठ्ठ्याहत्तरच्या आधीचा काही पुरावा?' समोरून एक पिवळा पडलेला कागद पुढे सरकतो. 'भाऊ, हाऊ कागद चाली का?' कागद १९८३ चा असतो, नाहीतर १९८० चा. चालत नाही.

ज्यांची तुझी ओळख नाही त्यांच्यासाठी तुझी कुळकथा थोडक्यात सांगतो. गुजरात सरकारने १९७२ मध्ये न्यायमूर्ती ए. आर. बक्षी यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग शोधण्यासाठी आयोग नेमला. आयोगाने १९७६ मध्ये अहवाल दिला आणि ८२ जाती-गट मागास ठरवले. बाबुभाई जशभाई पटेल मुख्यमंत्री असताना त्या शिफारशी मान्य झाल्या, आणि अंमल सुरू झाला तो तुझ्यापासून. तो शनिवार होता. केंद्रात मंडल आयोगाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. आजही गुजरातेत ओबीसीला लोक 'बक्षीपंच' म्हणतात. म्हणजे तू जन्मलीस ती चांगल्या कामासाठी, आणि सुखासुखी नाही वाढलीस. १९८१ आणि १९८५ ची राखीव जागांविरोधातली आंदोलनं तू पाहिलीस, अहमदाबाद पेटलेलं पाहिलंस आणि तरी टिकलीस. याबद्दल तुझ्याविषयी आदरच आहे. एप्रिल फूलचा विनोद मी मुद्दाम करत नाही.

पण अंमल सुरू होतानाच एक अट तुझ्या गळ्यात बांधली गेली. परराज्यातून गुजरातेत आलेल्या माणसाची जात इथल्या यादीत असली तरी तो तुझ्या आधी इथे राहायला आलेला असला पाहिजे. नंतर आला असेल तर तो इथला मागास नाही. त्याची मुलं नाहीत. मुलांची मुलंही नाहीत.

नियम म्हणून वाचला तर यात खटकण्यासारखं फार काही नाही. १९७८ साली तर तो शहाणपणाचाच होता. नवी सवलत आली की कालपरवा आलेल्यांनी रांगेत घुसू नये, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा तू ज्याला अडवत होतीस तो वळकटी घेऊन नुकताच उधना स्टेशनवर उतरलेला माणूस होता. आता कुणाला अडवतेस ते बघ.

माझ्या दुकानात एक मुलगी आली होती. नाव सांगत नाही, अशा बऱ्याच आहेत. जात परीट; गुजरातच्या यादीत धोबी आहे, महाराष्ट्राच्या यादीत परीट आहे, धंदा आणि कपाळ दोन्हीकडे एकच. आजोबा १९८१ मध्ये शिंदखेडा तालुक्यातून आले आणि लूमच्या खात्यात कांडी भरायला लागले. बापाचा जन्म सुरतेतला, तो आता मार्केटमध्ये साड्यांची घडी-पॅकिंग करतो. आई घरी बसून साडीला स्टोन लावते, नगावर पैसे. मुलगी सुरतेतच जन्मली, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकली (आमच्या सुरत महानगरपालिकेच्या शाळा सात भाषांत चालतात, मराठी त्यातली एक, आणि हे या शहराचं मोठेपण मी कधी नाकारणार नाही), पुढे गुजरात बोर्डातून सायन्स करून गुजकेट ही प्रवेशपरीक्षा देऊन आली. प्रवेशासाठी ती गुजरातची विद्यार्थिनी. फीसाठी गुजरातची. दहा वर्षांच्या रहिवासावर डोमिसाइल मिळतं, ते तिच्या बापालासुद्धा मिळालेलं. फॉर्ममध्ये 'कॅटेगरी' या रकान्यापाशी आली आणि तिथे तू बसली होतीस. ती मुलगी गुजरातची, पण तिची जात गुजरातची नाही. रकान्यात 'ओपन' भरायचं.

तू स्थलांतर वंशपरंपरागत केलंस. जातीला जसं केलं गेलं होतं तसंच. आजोबा गाडीत बसले म्हणून नात प्रवासी. तिने कधी घर बदललं नाही, शहर बदललं नाही, नवापूरच्या पलीकडे ती लग्नकार्याला गेली असेल तेवढीच. सामाजिक न्यायाच्या कागदावर मात्र ती अजून फलाटावरच उभी आहे. जन्माने चिकटणारं आणि कष्टाने न निघणारं जे काही असतं ते मोडायला तुला आणलं होतं ना?

तुझ्या दोन थोरल्या बहिणींचंही इथेच सांगून टाकतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. राष्ट्रपतींचे पहिले आदेश निघाले ते दिवस. त्या तुझ्याहून कडक. महार जात गुजरातच्याही यादीत आहे आणि महाराष्ट्राच्याही. पण धुळ्याहून १९७५ साली आलेल्या महाराचं कुटुंब तुझ्या दारातून आत आलं असतं तरी थोरलीच्या दारात अडलं. आणि गंमत बघ, थोरलीचा जन्म झाला त्या दिवशी धुळं आणि सुरत एकाच राज्यात होती. मुंबई राज्यात. त्या दिवशी धुळ्याचा माणूस सुरतेला आला असता तर तो एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आला असता. परराज्य १ मे १९६० ला झालं.

त्या १ मे बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ती तुम्हा बहिणींची कुणी लागत नाही, पण तुमचा सगळा संसार तिच्यावर उभा आहे. द्वैभाषिक मोडलं तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा भागांतली कितीतरी गावं सुरत जिल्ह्याला जोडली गेली. आजचे निझर, उच्छल हे तालुके त्यातून आले. २००७ पासून ते तापी जिल्ह्यात आहेत. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर असं की फलाटाचा एक तुकडा महाराष्ट्रात आणि उरलेला गुजरातेत. लोक तिथल्या बाकड्यावर दोन राज्यांत बसून फोटो काढतात. निझरचा माणूस आणि नंदुरबारचा माणूस यांची बोली एक, देव एक, सोयरीक एकमेकांत. त्या वेळी दोघेही जागचे हलले नव्हते. रेघ हलली.

आता असं समज, निझरकडचा एक न्हावी आणि नंदुरबार तालुक्यातला एक न्हावी, दोघे १९८५ च्या सुमारास एकाच गाडीने सुरतेला आले. एकाच खात्यात पाळीला लागले. एकाच खोलीत राहिले. म्हणजे एकाची रात्रपाळी सुटली की दुसरा त्याच गोधडीतून उठून कामाला जायचा. पुढे दोघांनी गोडादऱ्यात एका सोसायटीत भिंतीला भिंत लागून घरं घेतली. निझरवाल्याच्या मुलाला बक्षीपंचाचा दाखला मिळतो, नंदुरबारवाल्याच्या मुलाला मिळत नाही. कुणाचं मागासपण जास्त खरं? कुणाच्या पोराला शाळेच्या फीसाठी कमी उधारी करावी लागली? हा प्रश्न मी एकदा एका कारकुनाला विचारला. बिचारा चांगला माणूस, त्याने चहा मागवला.

तुझी बाजूही मांडतो, कारण ती पोकळ नाही.

राज्यघटनेचे ३४१ आणि ३४२ हे अनुच्छेद सांगतात की जाती-जमातींच्या याद्या त्या त्या राज्याच्या संबंधात असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मे १९९० मध्ये यावर निकाल दिला, तो मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या डीनविरुद्धचा खटला. तेनालीत जन्मलेला, अनुसूचित जमातीचा एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे नवव्या वर्षी मुंबईत आला आणि पुढे मेडिकलला राखीव जागा मागू लागला. न्यायालय म्हणालं, मागासलेपण हे त्या मातीतलं, त्या समाजरचनेतलं असतं. दुसऱ्या राज्यात गेलेल्याला ते आपसूक सोबत नेता येत नाही, नाहीतर तिथल्या मागासांचा वाटा बाहेरचे खातील. १९९४ मध्ये दुसऱ्या एका निकालाने हेच पक्कं केलं.

या युक्तिवादापुढे मी मान तुकवतो, कारण दक्षिण गुजरातेत राहून ती तुकवावीच लागते. सुरत जिल्ह्यातल्या उसाच्या शेतांवर पिढ्यानपिढ्या राबणारे हळपती, डोंगरातले गामीत, चौधरी, वसावा यांच्या राखीव जागेवर दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा बसला तर तो अन्यायच. आदिवासींच्या जागांबाबत मी हात आखडता घेईन, आणि आमच्यातल्या कुणी 'सगळ्यांना सगळं द्या' म्हटलं तर त्याच्याशी भांडेन. गुजरातेत अनुसूचित जातींना ७ टक्के, जमातींना १५ टक्के आणि बक्षीपंचाला २७ टक्के. पंगत ठरलेली आहे, बाहेरून ताटं वाढली की कुणाच्या तरी ताटातलं कमी होणार, ही भीती खोटी नाही.

पण तेनालीचा तो मुलगा स्वतः राज्य ओलांडून आला होता. आमच्या मुलीने काय ओलांडलं? मागासपण मातीत असतं हे खरं मानलं तर तिची माती गोडादऱ्याची आहे. ज्या निकालाचा आधार देऊन तुझे रखवालदार तिला परत पाठवतात त्याच निकालात, संसदेने आणि विधिमंडळांनी या अडचणीवर योग्य कायद्याचा विचार करावा असंही म्हटलंय. ते वाक्य मात्र कुठल्याच टेबलावर कुणी वाचून दाखवत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बिहार-झारखंडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याची फाळणी झाल्याने माणसाचा हक्क बुडत नाही. दोन राज्यांपैकी एकात तो मागता येईल, दोन्हीकडे एकदम नाही. कायद्याचे जाणकार म्हणतील की तो मामला २००० सालच्या फाळणीचा, त्यातल्या नोकरदारांचा, तुमचा १९६० चा. असेल. पण त्यामागचा विचार एवढाच की रेघ सरकारने ओढायची आणि तिची किंमत कपाळावर जात असलेल्याने मोजायची, हे बरोबर नाही. १९६० च्या रेघेला तो का लागू नये?

आणि जात सोबत येत नाही हे कुणी सांगितलं? मी गोडादऱ्यात राहतो, मला विचार. खोली भाड्याने घ्यायला गेलीस तर पहिला प्रश्न, 'कोणते पाटील?' पाटील नसशील तर दुसरा प्रश्न लागतच नाही. वधू-वर परिचय मेळावे सुरतेतच भरतात, जातवार. गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार जातवार. ज्ञातीच्या पंचमंडळाची डिरेक्टरी निघते, तिच्यात शिरपूर आणि सुरतेतलं लिंबायत ही दोन गावं शेजारशेजारी छापलेली असतात. जात भुसावळ-सुरत पॅसेंजरने विनातिकीट आली आणि घर करून बसली. तिला कुणी अठ्ठ्याहत्तरचा पुरावा मागितला नाही. अडवलं ते तिच्यावरच्या औषधाला.

आता पुराव्याबद्दल. यात तुझा दोष थोडा आहे, पण तुला माहीत असायला हवं.

समजा एखाद्याचा आजा खरोखरच १९७४ मध्ये आला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर खानदेशातून सुरतेकडे माणसं निघाली, तसे पुष्कळ जण आले. तो दाखवणार काय? लूमच्या खात्यांची रीत अशी की मालक एकाच शेडमध्ये तीन पाट्या लावायचा, तीन नावांनी, म्हणजे कारखाना कायद्याच्या आकड्यात यायला नको. हजेरीपटावर नाव नाही. पगार रोख, पंधरवड्याला. बारा तासांची पाळी, आणि ओळखपत्र म्हणजे जॉबरची ओळख. राहायला भाड्याची खोली, तिची पावती नाही. रेशनकार्ड गावाला, कारण म्हातारी गावाला. मतदार यादीत नाव गावाला, कारण मत द्यायला एसटी भरून न्यायला कुणीतरी यायचं. तुझ्या पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. त्यात ठेकेदाराने मजुराला नोंदीचं पासबुक द्यायचं होतं. ते पासबुक मी आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि माझ्याइतके जुने कागद गोडादऱ्यात कुणाच्या हाताखालून गेले नसतील.

म्हणजे एका धोरणाने माणसाला कागद मिळू दिला नाही आणि दुसरं धोरण त्याच्याकडे तोच कागद मागतं. ज्याला कायम नोकरी होती, पक्कं घर होतं, त्याच्याकडे पुरावा आहे. बहुधा त्याला दाखल्याची गरज कमी. ज्याला गरज जास्त त्याच्याकडे पुरावा नाही. हे तुझ्या लक्षात कुणी आणून दिलं नसेल. त्यात सुरत म्हणजे पाणी. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि शहर बुडालं, तेव्हा ट्रंकेतले कागद गेले. जे वाचले ते दर दोन-चार पावसाळ्यांनी येणाऱ्या खाडीपुराच्या वाट्याला. पर्वत पाटिया, मिठी खाडीच्या काठची वस्ती, तिथल्या माणसांना विचार. एक बाबा माझ्याकडे लगदा घेऊन आले होते. शाळेचा दाखला होता म्हणे. मी तो स्कॅनरवर ठेवला, दोन्ही बाजूंनी.

मग आम्ही लोकांना सांगतो, महाराष्ट्रातून काढा. आणि तिथे वेगळंच नाटक. महाराष्ट्राच्या स्वतःच्या तारखा आहेत, तिथे त्यांना मानीव दिनांक म्हणतात: ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. शिंदखेड्याला जाऊन आजाच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उघडलं, त्यात जात सापडली, वंशावळ जोडली, सोगंदनामा केला (तिकडे त्याला प्रतिज्ञापत्र म्हणायचं, नाहीतर बाबू हसतो), तर जातीचा दाखला निघतो. निघाला की पेढे. पण त्याचं करायचं काय? महाराष्ट्रातल्या राखीव जागेसाठी तिथला पंधरा वर्षांचा रहिवास लागतो, दहावी-बारावी तिथून झालेली लागते. मुलीची सगळी शाळा सुरतेत. जात महाराष्ट्रात सिद्ध होते, रहिवास गुजरातेत सिद्ध होतो, आणि न्याय त्यालाच मिळतो ज्याचे दोन्ही कागद एका राज्यात आहेत. उरतात केंद्राच्या जागा, एनआयटी, रेल्वे, बँका. तिथे गावाकडचा दाखला चालतो आणि आमची हुशार पोरं तिकडे जातातही. पण नर्सिंगला, डिप्लोमाला, बी.एड.ला, तलाट्याच्या भरतीला जाणाऱ्या साध्या पोरांनी काय करायचं? सामाजिक न्याय फक्त पहिल्या नंबरवाल्यांसाठी असतो का?

इथे आमच्या माणसांवरही दोन ओळी खर्च करतो, नाहीतर सगळं तुझ्या माथी मारल्यासारखं होईल. सुरतेत मराठी माणूस दुबळा आहे असं म्हणायची आता सोय नाही. जळगाव जिल्ह्यातल्या गावात जन्मलेला माणूस नवसारीचा खासदार आहे, गुजरात भाजपचा प्रदेशाध्यक्ष होता, २०२४ पासून केंद्रात जलशक्ती मंत्री आहे. लिंबायतला २०१२ पासून मराठी आमदार आहेत. नगरसेवक तर पाटील-पाटील मोजून थकावं एवढे. मग अठ्ठ्याहत्तरचा प्रश्न ऐरणीवर का येत नाही? मला जे दिसतं ते सांगतो. आमच्या मंडळांच्या स्टेजवर जे बसतात त्यांना बहुतेक या दाखल्याची गरजच नाही. चौकाला नाव, पुतळा, शिवजयंतीची रॅली, खानदेशला जादा गाड्या, या मागण्या सगळ्यांच्या आहेत, त्यात कुणाला कमीपणा नाही. दाखला मागणारे परीट, न्हावी, माळी, कुंभार, महार. त्यांची मागणी लावून धरायची म्हणजे स्टेजवर जात काढावी लागते, आणि 'आपण सगळे खानदेशी' हे जे गोड वाक्य आहे ते थोडं आंबट होतं. म्हणून सत्कार उरकतात आणि नारळ देऊन पोराला घरी पाठवतात.

नव्या कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांतही २७ टक्के जागा ओबीसींना राखीव झाल्या, झवेरी आयोगाच्या अहवालानंतर, २०२३ मध्ये. म्हणजे महापालिकेच्या निवडणुकीतही तू उमेदवाराच्या फॉर्मपाशी उभी राहतेस. ज्या प्रभागात खानदेशी मतांवर निकाल लागतो तिथल्या राखीव जागेवर खानदेशातला ओबीसी, त्याचं घराणं तुझ्यानंतर आलेलं असेल तर, उभा राहू शकणार नाही. मत घालायला चालतो.

तारखा हलत नाहीत असं मला कुणी सांगू नये. १०३ वी घटनादुरुस्ती आठव. जानेवारी २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांना दहा टक्के द्यायचं ठरलं. राष्ट्रपतींची सही १२ तारखेला, अंमल १४ ला, आणि त्याच दिवशी गुजरातने ते आपल्याकडे लागू केलं, देशात पहिलं. इतरांच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून केंद्राच्या संस्थांत एकूण जागाच वाढवल्या. मी त्याच्या विरोधात नाही. त्या सवलतीचे फॉर्मही मीच भरतो, शंभर रुपये घेऊन. मुद्दा एवढाच की मनात आलं की सरकारला दोन दिवस पुरतात, आणि ताटं वाढवताना पंगतही मोठी करता येते. दिल्लीचं उदाहरण आहेच. तिथल्या नोकऱ्यांत कुठल्याही राज्यातल्या अनुसूचित जातीच्या माणसाला राखीव जागा मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये मान्य केलं.

तर माझं मागणं असं. तू जाऊ नकोस. तुझ्यामुळे ज्यांना मिळालं त्यांचं राहू दे. पण तू पुढे सरक. तुझ्या जागी तारीख नको, शाळा येऊ दे. ज्या मुलाचा जन्म गुजरातेत झाला, ज्याने पहिली ते बारावी इथे केली, ज्याच्या आई-बापांपैकी एकजण तरी इथेच शिकला, आणि ज्याची जात गुजरातच्या यादीत आहे, तो इथला बक्षीपंच. शाळेचं रजिस्टर हा गरिबाकडे असणारा एकमेव पक्का कागद आहे, आणि तो सरकारच्याच कपाटात असतो. क्रिमीलेयरची चाळणी आहेच, ती राहू दे. स्थानिकांच्या वाट्याची भीती असेल तर आमच्या मुलांसाठी वाढीव जागा ठेवा, मोजक्या ठेवा. अनुसूचित जातींच्या बाबतीत राज्याच्या हातात फारसं नाही, संसदेला हात घालावा लागेल. निदान १९६० च्या आधी जे एकाच राज्यात होते त्यांच्यापुरतं तरी घालावा. आदिवासींचा प्रश्न वेगळा ठेवा, तो आदिवासींना विचारूनच सोडवा. आणि हे सगळं व्हायचं तेव्हा होईल, तोवर निदान महाराष्ट्राने आपल्या गावचा जातीचा दाखला धरून बाहेर शिकलेल्या मुलांना आपल्या कॉलेजांत दार उघडावं. गुजरातने नाही म्हटलं तर त्यांचं गाव तरी हो म्हणेल.

त्या परिटाच्या मुलीचं काय झालं ते तू विचारणार नाहीस, पण सांगतो. तिला ओपनमधून सरकारी कॉलेज हुकलं. खासगीची फी बापाला झेपेना. आता ती बी.एस्सी. करते आणि संध्याकाळी माझ्या दुकानात फॉर्म भरायला बसते. पुराव्यांच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा पक्की निघाली. परवा एकाला म्हणाली, 'काका, १९७७ चं पोस्टाचं पासबुक घरी आहे म्हणता, तर आजच घेऊन या, पावसाच्या आधी.' पासबुक आलं. तिने लगेच स्कॅन करून अर्जाला जोडलं. अर्ज अजून तपासणीत आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
गोडादऱ्यातला एक फॉर्म भरणारा

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी:
सामाजिक न्याय आणि अधिकारिता विभाग, गांधीनगर.
इतर मागास बहुजन कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई.
१० ऑगस्ट १९५० आणि ६ सप्टेंबर १९५०, मुक्काम नवी दिल्ली.
१ मे १९६०, मुक्काम नवापूर स्टेशन, दोन्ही बाजूंना.